पूर्ण नाव, घर नंबरासहित

यादीत स्वतःचं नाव शोधणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो भराभर पानं उलटतो, बोट खाली खाली नेतो, नाव सापडलं की हसतो, वय चुकलंय म्हणून दोन शिव्या घालतो आणि चालायला लागतो. दुसऱ्याचं नाव शोधणारा असा नसतो. त्याला घाई नसते. तो आधी आजूबाजूला बघतो, मग यादीकडे. असा माणूस मी एकदाच पाहिला, हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या म्युनिसिपालटीच्या शाळेच्या व्हरांड्यात. त्याला तिथवर आणायला दुसरं तिसरं कुणी नाही, माझे वडीलच कारणीभूत होते. त्यांचा मला तेव्हा राग आला होता. ते गेले तरी तो पुरता गेलेला नाही.

वडील रेल्वेच्या हिशोब खात्यातून नुकतेच रिटायर झाले होते. आम्ही जुन्या हैदराबाद संस्थानातले मराठी, तेव्हा त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं, नोकरीत इंग्रजी, रस्त्यावर दखनी आणि तेलुगू, आणि घरात आमच्यावर ओरडायला मराठी. चूक शोधून काढणं हा त्यांचा आवडता उद्योग. दुकानदाराच्या पाटीतली, पंचांगातली, आईच्या वाणसामानाच्या बेरजेतली. चूक सापडली की त्यांना भूक लागायची. रिटायर झाल्यावर आता हा माणूस घरात बसून आपल्याला सोलून काढणार, अशी धास्ती आईनं घेतली होती. पण त्याच सुमाराला मतदार यादी नव्यानं करायचं काम निघालं, वडिलांनी त्यात डोकं घातलं आणि आई म्हणाली, सुटले बाई.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. त्यात एक बाई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी राहायच्या. मी तिला मावशी म्हणायची. ती काचीगुड्याजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक आणि झोपेतून उठवून आणलेली मुलगी एवढंच होतं. ती मराठवाड्यातल्या एका बड्या घरातून निघून आली होती. नवरा मारायचा, हे तिनं आईला एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. पण तिला खरी भीती माराची नव्हती. सासरच्या माणसांनी तिला बजावलं होतं, तू कुठं जायचं तिथं जा, पोरगी आमची आहे, जिथं असेल तिथून उचलून आणू. त्या घरात बोललेलं करून दाखवायची रीत होती, असं ती म्हणायची. माहेरी गेली असती तर दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहिली असती. म्हणून ती माहेरालाही न कळवता इकडे आली. पत्र नाही, फोन नाही. नाक्यावर नवा पिवळा एसटीडी बूथ झाला होता, तिथं सगळं गाव रांग लावायचं. मावशी त्याच्यासमोरून जाताना पावलं भरभर टाकायची.

मुलीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम माझं होतं. ती माझं बोट धरायची नाही, मनगट धरायची, घट्ट. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

मोजणीला आलेला माणूस तेलुगू शाळेतला मास्तर होता. उन्हानं बेजार झालेला, काखेत कागदांचा गठ्ठा. वडिलांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्याच्या समोर बसून घरातल्या मतदारांची नावं सांगायला लागले. माझं नाव नव्हतं, मला अठरा पूर्ण व्हायची होती, याचा मला फार अपमान वाटत होता म्हणून मी दारात उभी राहून ऐकत होते. आईचं आणि स्वतःचं झाल्यावर ते म्हणाले, "और पीछे के पोर्शन में एक लेडी है."

मावशी ड्यूटीवर होती. वडिलांना भाडेपावतीमुळे तिचं नाव ठाऊक होतं. मास्तर आडनावाचं एक अक्षर आणि पुढं तिचं नाव असं लिहायला लागला. तेलुगू लोकांत तीच पद्धत, आडनाव म्हणजे एक अक्षर आणि एक टिंब. गल्लीतल्या सगळ्या बायकांची नावं तशीच लिहिलेली. तशी लिहिली असती तर तिला देवानंसुद्धा ओळखलं नसतं.

"पूरा लिखो मास्टरसाब," वडील म्हणाले. "हमारे में आधा नाम नक्को. खुद का, शौहर का, आडनाव. तीनों."

"जागा लेदु, जागा नहीं सर," मास्तर रडकुंडीला आला. "इनिशियल बस है."

"बारीक लिखो."

मास्तरानं बारीक लिहिलं. वडिलांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला, तिच्या नावाखाली बोट फिरवून तपासलं आणि समाधानानं परत दिला. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. मास्तर गेल्यावर ती बाहेर आली. "तिचं कशाला दिलंत?"

"कशाला म्हणजे? ती राहते ना इथं? सज्ञान आहे ना? मग मत तिचं आहे. ते चोरणारा मी कोण?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण तो नेहमी बरोबरच असायचा. आई आत गेली. त्या संध्याकाळी मावशीला कुणी काही सांगितलं नाही. वडिलांना सांगण्यासारखं वाटलं नाही, आईला सांगवलं नाही.

पुढं काही महिन्यांनी यादी छापून आली आणि शाळेच्या व्हरांड्यात लागली. कच्ची यादी. लोकांनी बघावी, चुका सांगाव्यात, हरकती घ्याव्यात म्हणून. भिंतीवर खिळे ठोकून सुतळीनं जुड्या टांगल्या होत्या, एक तेलुगू, एक उर्दू. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, बाई की बुवा, आणि घर नंबर. वारा आला की पानं फडफडायची. वडील पहिल्या दिवशी सकाळीच चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन गेले आणि उर्दू जुडी वाचून दुपारी आले ते खूश होऊन. एका म्हातारीचं वय दोनशेच्या वर छापलं होतं. समोरच्या डॉक्टरीणबाई पुरुष झाल्या होत्या. वडिलांनी आईकडं दुसऱ्यांदा आमटी मागितली.

आणि संध्याकाळी मावशी कामावरून आल्यावर तिला हाक मारून म्हणाले, "अभिनंदन. तुमचं नाव आलं. एकही चूक नाही, पूर्ण नाव, घर नंबरासहित."

मी तिच्याकडे बघत होते. तिनं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठं आलं, भाऊ?"

"यादीत. शाळेत लावलीय."

"म्हणजे कुणालाही दिसतं?"

"कुणालाही!" वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढा अभिमान होता. "तेच तर आहे ना. बंद खोलीत केलेल्या यादीत मेलेले लोक मतं देतात. उघड्यावर टांगली की गल्लीचे सगळे डोळे तिच्यावर. कुणीही यावं, वाचावं, पैसे भरून नक्कल न्यावी."

मावशी पायरीवर बसली. आईनं वडिलांकडे असं पाहिलं की दुसरा माणूस असता तर उठून गेला असता. मावशीनं अगदी हळू विचारलं, "काढता येईल?"

येईल, वडील म्हणाले. हरकतीचा अर्ज द्यायचा, कारण लिहायचं, चौकशी होते. आणि मग, खरं सांगायची खोड असल्यामुळे, त्यांनी पुढचंही सांगितलं. ज्यांच्या नावावर हरकत आलीय त्यांची वेगळी यादीही तिथंच लावतात, नाव आणि कारण लिहून, म्हणजे कुणाचं नाव चोरून काढलं जाऊ नये. मावशी हसली. ते हसणं मला आवडलं नाही. लपायचं असेल तर तिला पुन्हा एकदा भिंतीवर टांगून घ्यावं लागणार होतं.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "तेलुगूत आहे ना. उर्दूत आहे. तिकडचं कोण वाचतंय."

त्या आधारावर ती उठली, हातपाय धुतले, मुलीचा अभ्यास घेतला. मलाही पटलं. तिच्या सासरच्या माणसांना देवनागरी सोडून काही येत नव्हतं. आमच्या नि त्यांच्या मध्ये लिपीची भिंत होती आणि ती चांगली जाड होती. त्या भिंतीला भोक पाडायचं काम वडिलांनी त्याच आठवड्यात मनावर घेतलं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

इथल्या मराठी लोकांना एक सवय आहे, अजूनही असेल. कुठलीही यादी हाती आली की ती आधी आपली आडनावं शोधायला वाचायची. परीक्षेचा निकाल असो, रेल्वेचं रिझर्वेशन असो, नाहीतर दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पाट्या. एखादं आडनाव सापडलं की वाळवंटात पाणी सापडल्यासारखा आनंद. आमच्या भागातल्या मराठी मंडळानं ठरवलं होतं की मतदार यादीतून मराठी घरं वेचून काढायची आणि एक वही करायची. तिचे दोन उपयोग. निवडणुकीला उभे राहणारे मत मागायला आले की त्यांना दाखवता येईल, बघा, आम्ही एवढे आहोत. आणि मुलामुलींची लग्नं जमवताना कुठं कोण आहे ते कळेल. ही कामगिरी अर्थातच वडिलांकडे आली. उर्दू वाचणारा, सुवाच्य देवनागरी लिहिणारा, रिटायर झालेला माणूस दुसरा कोण मिळणार होता?

ते रोज संध्याकाळी फुलस्केप कागद घेऊन व्हरांड्यात उभे राहायचे आणि मराठी नावं उतरवून घ्यायचे. घर नंबर लिहिले नाहीत, नुसती गल्ली लिहिली. हैदराबादचे घर नंबर म्हणजे आडव्या रेघा आणि तिरक्या रेघा, ते पोस्टमनलाही लागत नाहीत. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले होते, गल्लीत येऊन विचारलं की कुणीही घर दाखवतं. नव्या झेरॉक्सच्या दुकानात वहीच्या गठ्ठाभर प्रती निघाल्या, त्यांना भगव्या कागदाचं कव्हर लावलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला वाणाबरोबर एक वही दिली. कुणाच्या नांदेडच्या जावेनं दोन मागून घेतल्या, भाच्याचं लग्न जमवायचं होतं तिला.

आईनं घरी येऊन वही उघडली. आमची गल्ली काढली. तिथं वडिलांच्या मोत्यासारख्या अक्षरात, देवनागरीत, मावशीचं नाव होतं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव.

आई मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी बोलली. "ती काय म्हणाली होती ऐकलं नव्हतंत? हिला का घातलंत?"

वडिलांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "एक नाव गाळलं असतं तर बेरीज जुळली नसती." आणि थोड्या वेळानं, आवाज उतरवून, "आपलीच माणसं आहेत गं. आपल्या माणसांत कसली भीती?"

आपल्याच माणसांतून ती पळून आली होती, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते दुष्ट नव्हते. बेरीज जुळणाऱ्या जगात सगळं ठीक असतं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण मला त्या दिवशी त्यांच्या सुंदर अक्षराची किळस आली. आई दुसऱ्या दिवसापासून घरोघरी जाऊन काहीतरी निमित्त सांगून वह्या परत मागत हिंडली. पुष्कळशा मिळाल्या. नांदेडला गेलेल्या मिळाल्या नाहीत.

मावशीला आईनं सांगितलं. तिनं आदळआपट केली नाही, रडली नाही. फक्त मुलीची शाळेची पिशवी रोज स्वतः भरायला लागली आणि त्यात वह्यांच्या खाली एक फ्रॉक आणि एक स्वेटर ठेवायला लागली.

मग एके दिवशी सकाळी किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर एक जीप उभी दिसली. नंबरप्लेट महाराष्ट्राची. आमच्या गल्लीत महाराष्ट्राच्या नंबरची गाडी आली की पोरं पळत जाऊन कुणाकडे पाहुणे आले ते बघून यायची. या जीपभोवती पोरं जमली नाहीत. आत ड्रायव्हर बसला होता आणि काच खाली करून येणाऱ्या-जाणाऱ्या शाळेच्या मुली बघत होता. मी मावशीच्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मी तिला म्हटलं, "काही नाही गं," आणि मला कळलं की माझीच बोबडी वळलीय.

तिला तिच्या शाळेत सोडून परत येताना मी यादी लावलेल्या शाळेच्या व्हरांड्यात थांबले. वडील रोजच्यासारखे तिथं होते. अडाण्यांना, म्हाताऱ्यांना त्यांची नावं शोधून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लोक त्यांना मुन्शीसाब म्हणायला लागले होते आणि त्यांना ते फार आवडायचं. त्यांच्या शेजारी तो माणूस उभा होता. पांढरा झुळझुळीत शर्ट, पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा. तो तेलुगू जुडीची पानं एकेक करून उलटत होता, आणि त्याचे डोळे ओळीवरून फिरत नव्हते. वाचता न येणारा माणूस जसा पानाकडे बघतो तसा तो बघत होता. हातात भगव्या कव्हरची वही होती.

"काका, तुमी मराठी दिसताव," तो म्हणाला. आवाज मऊ, आर्जवी. "कालपासून बघायलोय मी, पर हे तेलगू काय समजंना बगा. जरा एक नाव काढून द्या की. घर कुटं आलं तेवढंच बगायचंय."

कुणी मराठीत मदत मागितली की वडिलांचा चेहरा उजळायचा. तो तसाच उजळला. "नाव सांगा, आत्ता शोधून देतो," ते म्हणाले आणि त्यांनी उर्दू जुडी पुढं ओढली.

त्यानं नाव सांगितलं. पूर्ण. तिन्ही.

वडिलांचं बोट तोवर पानावर उतरलं होतं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. मला उर्दू वाचता येत नाही, पण आमच्या घराची ओळ कुठं आहे ते त्यांनी मला दहादा दाखवलं होतं. बोट खाली आलं, त्या ओळीवर आलं, आणि थांबलं. बोट तिथं फार वेळ राहिलं असं मला वाटलं. मग ते पुढच्या ओळीवर सरकलं, त्याच्या पुढच्या ओळीवर, पानाच्या तळाशी गेलं.

"नाही," वडील म्हणाले. "या पानात नाही." त्यांनी पुढचं पान उलटलं, तेही शेवटपर्यंत वाचलं, त्याच्या पुढचंही. "नाही दिसत."

तो माणूस त्यांच्याकडे बघून हसला. "वहीत तर हाय की हो."

"वही वेगळी," वडील म्हणाले.

"हां," तो म्हणाला. "दुसरा कुणी वाचणारा बगतो मग. यादी कुटं पळून चाललीय?" आणि तो झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाला, तिथला पोऱ्या तेलुगू होता.

वडील घरी चालत आले नाहीत, पळत आले. रिटायर झालेला माणूस, एका हातानं धोतर सावरत, भर सकाळी गल्लीतून पळत. आईनं त्यांचं अर्धंच ऐकलं आणि पायात चपला घातल्या. रिक्षा करून ती आधी नर्सिंग होमला गेली आणि मावशीला घेऊन शाळेत. मावशी आणि मुलगी घरी परत आल्याच नाहीत. पिशवीतला फ्रॉक आणि स्वेटर एवढ्यावर मायलेकी निघाल्या. ट्रंक आमच्याकडेच राहिली. दुपारी आई एकटी आली, माठातलं पाणी प्यायली आणि वडिलांना म्हणाली, "गेल्या. कुठं ते मला विचारू नका. तिनं सांगितलंय, भाऊंना कळू देऊ नका, त्यांना खोटं बोलता येत नाही."

वडिलांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते चिडतील.

चार वाजता तो आला. घर नंबर त्यानं वाचून घेतलाच होता. आमच्या ओट्यावर बसला, वहाणा काढून, नीट मांडी घालून. आईनं पाणी दिलं, दारी आलेल्याला पाणी द्यायचंच. त्यानं वडिलांना ओळखलं आणि त्याला मौज वाटली. "काका, तुमचंच घर की हे."

"या नावाचं इथं कुणी राहत नाही," वडील म्हणाले.

"सरकारी यादी खोटी?"

"मोजणीवाल्याला मी सांगितलं होतं. माझी चूक झाली."

"आन् वहीत?"

"तीही माझीच चूक."

मी वडिलांना 'माझी चूक' म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आईनंही नव्हतं. खरी चूक झाली तेव्हा ते म्हणाले नाहीत. आता म्हणत होते ते शब्द खोटे होते, आणि तेवढेच खरेही.

अंगणात दोरीवर मावशीच्या मुलीचा शाळेचा निळा फ्रॉक वाळत होता. तो माणूस त्याच्याकडे बघत होता. आईच्या ते ध्यानात आलं. ती उठली, सावकाश जाऊन तिनं फ्रॉक काढला, झटकला, घडी घातली. "धाकटीचा आहे," ती म्हणाली. "शाळेतून येईल एवढ्यात."

"येऊ द्या की," तो म्हणाला. "लेकराला बगून जातो."

आणि आम्ही बसून राहिलो. आई, वडील, मी आणि तो, नसलेल्या मुलीची वाट बघत. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. गल्लीतून निळे फ्रॉक जायला लागले. प्रत्येक पोरीला तो निरखून बघायचा आणि मग आमच्या तोंडाकडे बघायचा. मला खरंच वाटायला लागलं की आता फाटक वाजेल, ती आत येईल आणि सगळं संपेल. एवढी भीती मला पुढं कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही. गल्ली रिकामी झाली. दिवेलागणीची वेळ झाली. आई म्हणाली, "आत्याकडे गेली असेल, अंबरपेठेला. जाते कधी कधी."

तो उठला. वहाणा घातल्या. रागावला नव्हता, तेच वाईट होतं.

"ठीक हाय," तो वडिलांना म्हणाला. "यादी तर दरसाल लागती न्हवं?"

पुढं वडिलांनी हरकतीचा अर्ज दिला. राहत नाही, स्थलांतर, असं कारण लिहिलं. पक्क्या यादीतून मावशीचं नाव गेलं. जीप आणखी एकदा येऊन गेली, मग दिसली नाही. पण ते शेवटचं वाक्य वडिलांच्या मनातून गेलं नाही. दर वेळी कच्ची यादी लागली की ते बाहेर पडायचे. आमच्या शाळेत आता त्यांचं काम नसायचं. ते अंबरपेठेला जायचे, तारनाक्याला जायचे, बसनं, चालत, एकेका शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. चुका सापडत असतील, पण त्याबद्दल बोलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "तो शोधायच्या आधी आपल्याला सापडली पाहिजे." संध्याकाळी दमून घरी यायचे, आई दार उघडायची, आणि ते एकच शब्द बोलायचे, "नाही." आई म्हणायची, "बरं झालं." मग पानं वाढायची.

अशी वर्षं गेली. यादी कंप्युटरवर छापून यायला लागली, उंची-रुंदी सारखी, अक्षर बारीक. वडिलांची नजर अधू झाली, गुडघे गेले, पण यादी लागली की ऐकायचे नाहीत. माझं लग्न होऊन मी तारनाक्याला राहायला गेले होते. शेवटच्या वेळी मीच त्यांना आमच्या भागातल्या शाळेत रिक्षानं घेऊन गेले. मावशीची मुलगी तोवर अठराच्या पुढं गेलेली असणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, पण त्यावर आम्ही बोललो नाही. ते भिंग घेऊन वाचत होते. मी शेजारी त्यांचा दंड धरून उभी होते.

एका पानावर, मधेच कुठंतरी, त्यांचं बोट थांबलं.

मला ते थांबणं ओळखीचं होतं. मी पटकन तोंड वळवलं आणि शाळेच्या मैदानाकडे बघायला लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी ती जुडी शेवटच्या पानापर्यंत वाचली, एकही ओळ सोडली नाही, भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "नाही. चल."

बरकतपुऱ्याच्या घरी आईनं दार उघडलं. "नाही," ते तिलाही म्हणाले, सरळ तिच्या डोळ्यांत बघून.

"बरं झालं," आई म्हणाली.

त्या शाळेवरून मी रोज बाजारात जात होते. यादी पुढं बरेच दिवस तिथं टांगलेली होती. मी आत गेले नाही. त्या रात्री वडिलांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.